परसातला कामाचा कोपरा

बंगल्याच्या किंवा रो-हाउसच्या बागेचा नकाशा काढताना हिरवळ, फुलझाडे, तुळशीवृंदावन, झोपाळा, गाडीची जागा या सगळ्यांचा विचार होतो. कंपोस्टचा हौद, वाळक्या पानांचा ढीग, रिकाम्या कुंड्या, घमेली, पाण्याची नळी, पंप आणि भंगार यांना मात्र नकाशात जागा नसते. या वस्तू यायच्या त्या येतातच, आणि मग जिथे रिकामे दिसेल तिथे, बहुधा मागच्या दाराशी किंवा कंपाउंडच्या भिंतीलगत, साचत जातात. त्यांच्यासाठी एक कोपरा आधीच राखून ठेवावा आणि त्याला आडोसा करावा, हे फार खर्चाचे काम नाही. पण त्याला आखणी लागते. आधी आडोसा उभारून मग आत काय ठेवायचे ते बघू, असे झाले की बाहेरून सगळे छान दिसते आणि आत चिलटे, कुबट वास आणि उंदीर नांदतात.

जुन्या घरांत ही आखणी परसदारीच होती. विहीर, न्हाणी, धुण्याचा दगड, सरपणाची रास आणि त्यापलीकडे उकिरडा अशी कामे आपापल्या ठिकाणी बसलेली असत. न्हाणीचे पाणी पन्हळीने अळूच्या वाफ्याला किंवा केळीला जाई. कोकणात गोठ्याजवळ शेणखताची गायरी आणि सामानसुमानासाठी मांगर असे. तिथे आडोसा वेगळा करावा लागत नसे, कारण घर आणि उकिरडा यांच्यात अंतर भरपूर होते आणि मध्ये झाडे होती. आज दोन-तीन गुंठ्यांच्या प्लॉटवर घर बांधून उरते ती मागची आणि बाजूची चिंचोळी पट्टी. तिथे उकिरड्याचे काम पंधरा-वीस फुटांच्या अंतरात बसवायचे असते आणि पलीकडे लगेच शेजाऱ्याच्या स्वयंपाकघराची खिडकी असते.

कमी जागेत खत कसे करावे, याचा बराच विचार आपल्याकडे होऊन गेला आहे. इंदूरच्या शेती-संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी शेतातला पालापाचोळा, शेण आणि माती यांचे थर रचून, ते ठरावीक काळाने चाळून खत करण्याची पद्धत बसवली. १९३१ मध्ये त्यांनी ती पुस्तकरूपाने मांडली आणि ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली. पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांची पद्धत त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘नाडेप’ म्हणून ओळखली जाते. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच असा विटांचा हौद, त्याच्या भिंतींना जागोजागी भोके आणि आत पालापाचोळा, शेणकाला व माती यांचे थर. एकदा भरून लिंपला की तीन-चार महिन्यांत खत तयार. मध्ये चाळावे लागत नाही. शेतासाठी केलेला एवढा मोठा हौद घरच्या बागेत बसत नाही. त्यातली भिंतीच्या भोकांची युक्ती मात्र जशीच्या तशी उचलण्यासारखी आहे. कुजवणाऱ्या जिवाणूंना हवा लागते. ती न मिळाली की कचरा सडतो आणि घाण वास येतो. बाजारातल्या बंद ड्रममध्ये कचरा साठवून ‘कंपोस्टला वास येतोच’ अशी समजूत करून घेणाऱ्यांची अडचण नेमकी हीच असते.

जागा किती लागेल ते कचऱ्यावरून ठरते. चार माणसांच्या घरात भाजीची देठे, साली, चहाचा चोथा, निर्माल्य असा ओला कचरा रोज साधारण अर्धा ते एक किलो निघतो. आकारमानाने तो सरासरी दीड लिटर धरावा. या कचऱ्यात नत्र आणि पाणी जास्त, कर्ब कमी. कुजण्याची क्रिया नीट चालायला कर्ब नत्राच्या पंचवीस-तीस पट लागतो, आणि तो येतो वाळक्या पानांतून, भुशातून, पुठ्ठ्याच्या तुकड्यांतून. व्यवहारात एक वाटी ओल्या कचऱ्याला दोन वाट्या चुरलेली वाळकी पाने हे प्रमाण चालते. म्हणजे दीड लिटर कचऱ्याला रोज तीन लिटर पाने, महिन्याला ९० लिटर.

या आखणीत सर्वांत जास्त चुकणारी गोष्ट इथेच आहे. महाराष्ट्रात बहुतेक झाडांची पानगळ फेब्रुवारी ते एप्रिल या काळात होते. तेव्हा पानांचा पूर येतो. ती झाडून, पोत्यात भरून घंटागाडीला दिली जातात किंवा जाळली जातात. मग जून उजाडतो, हवा दमट होते, कचऱ्याचा लगदा होऊ लागतो आणि त्यावर टाकायला मूठभर कोरडे पान घरात नसते. जून ते जानेवारी या आठ महिन्यांची बेगमी म्हणजे ७०० लिटरच्या वर पाने. तीन फूट लांब, अडीच फूट रुंद आणि चार फूट उंच जाळीचा पिंजरा साधारण ८५० लिटरचा होतो, त्यात ती मावतात. म्हणून या कोपऱ्यात सर्वांत मोठी जागा खताच्या हौदाला न देता पानांच्या पिंजऱ्याला द्यावी. पिंजरा असेल तर साधासुधा हौदही चालतो. पिंजरा नसेल तर महागातले यंत्रही चार महिन्यांत अडगळीत जाते.

हौद दोन हवेत. एक भरत असताना दुसऱ्यातला माल मुरत असतो. अडीच फूट चौरस आणि तीन फूट उंच असा एक हौद साधारण ५३० लिटरचा होतो. कचरा कुजताना निम्म्याहून खाली बसतो, त्यामुळे बागेतली काटछाट धरूनही एक हौद भरायला चार महिने सहज जातात. या आकाराच्या, रोज थोड्या थोड्या भरल्या जाणाऱ्या हौदात फार उष्णता तयार होत नाही, हे आधीच ओळखून असावे. तण आणि रोगांचे जंतू मारणारे ५५ ते ६५ अंश सेल्सिअस तापमान यायला निदान घनमीटरभर ढीग एका दमात रचावा लागतो. घरच्या खतातून टोमॅटोची आणि भोपळ्याची रोपे उगवतात ती त्यामुळे. त्यात बिघडत काही नाही. फक्त बी धरलेले काँग्रेस गवत आणि हराळीच्या काड्या हौदात टाकू नयेत.

आता हा कोपरा कुठे करायचा? पहिली कसोटी स्वयंपाकघराचे दार. रात्री जेवणे आटोपल्यावर, पावसात, हातात डबा घेऊन तिथे जायचे आहे. बागेच्या अगदी टोकाला नेलेला हौद एप्रिलमध्ये शोभतो आणि जुलैत ओस पडतो. मागच्या दारापासून फार तर वीस-तीस पावले, पायाखाली फरशी किंवा दगड, आणि वाटेत एक दिवा एवढे हवेच. त्याच वेळी तो घराच्या भिंतीला चिकटून नसावा. ओल जोत्यात उतरते आणि वाळवीला वाट मिळते. भिंतीपासून हातभर अंतर सोडलेले बरे. विहीर असेल तर तिच्यापासून निदान ५० फूट दूर जावे.

दुसरी कसोटी वाऱ्याची. वास यायचा धोका सर्वाधिक पावसाळ्यात, आणि तेव्हा वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. त्या बाजूला हौद ठेवला की चार महिने वास थेट घरात. वाऱ्याच्या हिशेबाने पूर्वेची किंवा ईशान्येची बाजू योग्य ठरते. ईशान्य कोपरा स्वच्छ ठेवावा असे वास्तुशास्त्र मानणारे म्हणतात, आणि अनेक घरांत हौदाची जागा याच वादात नैर्ऋत्येला सरकते. पूर्वेच्या भिंतीचा मधला किंवा आग्नेयेकडचा भाग घेतला तर दोन्ही पक्षांचे समाधान होते. पूर्वेकडे लगेच शेजाऱ्याचे घर असेल तर मात्र आधी त्याच्या खिडक्या कुठे आहेत ते पाहावे.

ऊन सकाळचे चालते, दुपारचे नको. विदर्भात आणि खानदेशात मे महिन्यात उघड्यावरचा हौद दोन दिवसांत कोरडा पडतो आणि कुजण्याची क्रिया थांबते. गांडूळखत करायचे असेल तर सावली सक्तीचीच, कारण तापमान ३५ अंशांच्या वर गेले की गांडुळे तग धरत नाहीत. शेवग्याची किंवा पेरूची विरळ सावली उत्तम. आंब्याखाली हौद ठेवायला हरकत नाही, पण आंब्याची पाने चिवट असतात. ती पायाखाली तुडवून किंवा चुरून घेतल्याशिवाय लवकर कुजत नाहीत.

जमीन कोणती आहे त्यावर तळ ठरतो. देशावरच्या काळ्या मातीत खड्डा खणून खत करणे म्हणजे पावसाळ्यात पाण्याचे डबके करणे. ही माती फुगते आणि आकसते, त्यामुळे तिच्यावर थेट टाकलेली फरशी वर्षभरात हलते. वीतभर माती काढून मुरूम ठोकावा आणि त्यावर शहाबादी फरशी किंवा विटा बसवाव्यात. हौदाचा तळ मात्र मातीला उघडा राहू द्यावा, म्हणजे जास्तीचे पाणी खाली मुरते आणि गांडुळे आपण होऊन वर येतात. कोकणात आणि गोव्यात जांभ्याची जमीन पाणी धरत नाही. तिथे अडचण वरून येणाऱ्या पाण्याची. अडीच-तीन हजार मिलिमीटर पावसात उघड्या हौदातले सत्त्व धुऊन जाते, म्हणून डोक्यावर उतरता पत्रा आणि त्याच्या पागोळ्या बाहेर काढून देणारी पन्हळ हवीच. सातशे मिलिमीटरच्या पुण्यात प्रत्येक हौदाला एक झाकण पुरते.

नळ आणि हात धुण्याची छोटी मोरी या कोपऱ्यात असली की निम्मे काम सोपे होते. मोरीचे पाणी शोषखड्ड्यात सोडावे. चार-चार फुटांचा, दगडगोट्यांनी भरलेला शोषखड्डा गावोगाव परिचयाचा आहे; नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी असे खड्डे घेऊन उघडी गटारे आणि डास हटवल्याचे उदाहरण गाजले. घरच्या मोरीला त्याहून लहान खड्डा पुरतो. साबणाचे पाणी नसेल तर जुन्या रीतीप्रमाणे ते केळीला किंवा अळूला द्यावे.

हे सगळे ठरल्यावर आडोसा. त्याचे काम नजर अडवण्याचे आहे, वारा अडवण्याचे नाही. सिमेंटची सलग भिंत किंवा पत्र्याची शीट उभी केली की आत हवा कोंडते, ओल राहते आणि डास वाढतात. पुन्हा पक्की भिंत सामासिक अंतरात येत असेल तर बांधकाम परवानगीचा प्रश्न निघतो. बांबूचा तट्टा, फटी ठेवून ठोकलेल्या लाकडी पट्ट्या, जाळीच्या विटा किंवा कोकणात जांभ्याचा कमरेइतका गडगा आणि त्यावर कामट्यांचा कूड असे हवा खेळती ठेवणारे प्रकार घ्यावेत. हिरवी शेडनेट स्वस्त, पण दोन उन्हाळ्यांत तिच्या चिंध्या होतात आणि मग झाकलेल्या गोष्टीपेक्षा झाकणच ओंगळ दिसते. उंची साडेपाच फूट पुरते. उभ्या माणसाच्या नजरेच्या वर गेले की झाले. बांबू जमिनीत पुरू नये. त्याचे पाय दगडावर किंवा लोखंडी खुंटीत बसवावेत, नाहीतर वाळवी पहिल्याच वर्षी बुडखा पोखरते.

या आडोशाला दार लावण्याचा मोह टाळावा. दोन्ही हातांत भरलेले घमेले असताना कडी कोण काढणार? दार उघडेच राहते आणि समोरून सगळे दिसते. त्यापेक्षा तीन फुटांची वाट मोकळी ठेवून तिच्यापुढे दोन-तीन फुटांवर आणखी एक छोटा तट्टा आडवा उभा करावा. माणूस वळून आत जातो, नजर मात्र तट्ट्यावरच थांबते.

तट्ट्यावर वेल चढवले की तो बागेचा भाग होतो. मधुमालती जोमाने वाढते, पण हलक्या तट्ट्याला तिचे ओझे पेलत नाही. तिला लोखंडी चौकट लागते. गोकर्ण आणि कृष्णकमळ हलके. पावसाळ्यात दोडका, घोसाळी, कारली आणि थंडीत वाल लावला तर आडोशातून भाजीही निघते, फक्त उन्हाळ्यात तट्टा उघडा पडतो. कायमचे हिरवे हवे असेल तर अडुळसा, जास्वंद, तगर किंवा मेंदी यांची रांग लावावी. कढीपत्त्याची दोन झाडे वाटेच्या तोंडाशी असली तर रोज तिथे जाणे होते आणि जाता जाता हौदाकडेही लक्ष राहते. खोडे तट्ट्यापासून दीड फूट बाहेर ठेवावीत. हौदाजवळची मुळे खताच्या वासावर आत शिरतात आणि तयार खत काढताना मुळांचे जाळेच हाती लागते.

प्रत्यक्ष मांडणीसाठी दहा फूट बाय सहा फूट एवढी जागा धरू. मागच्या दहा फुटी बाजूला ओळीने अडीच-अडीच फुटांचे दोन हौद, मग तीन फुटांचा पानांचा पिंजरा, आणि उरलेल्या दोन फुटांत अवजारांचे उभे कपाट. हौदांची खोली अडीच फूट, त्यांच्यापुढे उभे राहून फावडे चालवायला तीन फुटांची वाट, आणि शेवटचे सहा इंच आडोशाला. हौदाची पुढची बाजू खाचेत सरकणाऱ्या सुट्या फळ्यांची करावी. भरताना एकेक फळी वर चढवत जायचे, खत काढताना खालून काढायची. चारही बाजू पक्क्या बांधलेल्या तीन फुटी हौदातून खत उपसणे हे कंबर मोडणारे काम आहे. कुंड्या भरण्यासाठी कमरेइतक्या उंचीचा ओटा भिंतीला बिजागरीवर बसवला तर काम झाले की खाली पाडून ठेवता येतो. खुरपे, विळा, फावडे, झारी भिंतीवर खुंट्यांना टांगावीत. कीटकनाशके असतील तर कुलपात.

काही गोष्टी या कोपऱ्यात येऊच नयेत. कपडे वाळवायची दोरी वाऱ्याच्या उलट बाजूला न्यावी. बोअरवेल आडोशाच्या आत घेताना विचार करावा, कारण पंप बिघडला की पाइप उभे वर ओढावे लागतात. त्यासाठी वर मोकळे आभाळ आणि माणसांना उभे राहायला चहूबाजूंनी जागा लागते. गुंतवळ झालेल्या वेलीखालची बोअर उघडताना आधी वेल जाते, मग पत्रा.

उंदीर, साप आणि किडे या कारणांनी अनेक घरांत कंपोस्टला नकार मिळतो. उंदरांसाठी अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी हौदाच्या तळाला आणि बाजूंना लावावी. कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी त्यांना अडवत नाही. शिजवलेले अन्न, मासळीचे काटे, हाडे टाकू नयेत. पानांचा पिंजरा जमिनीपासून फूटभर उंच ठेवावा, कारण घोणस वाळक्या पाचोळ्यात बेमालूम मिसळते. खालून झाडून काढता आले पाहिजे, आणि अंधारात हात घालण्याआधी बॅटरी मारली पाहिजे. हौदात कधी करड्या, जाडसर अळ्या वळवळताना दिसतात. त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात. चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत आणि कचरा झपाट्याने संपवतात. चिलटे झाली तर वर पानांचा चार बोटे थर द्यावा. आंबूस वास आला तर चाळून कोरडी पाने मिसळावीत. मूठभर माल पिळल्यावर बोटांतून थेंब गळला तर पाणी जास्त, मूठ उघडल्यावर लगेच भुगा झाला तर कमी.

कायद्याची बाजू थोडी आहे. घरातला ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा करण्याचे बंधन घनकचरा व्यवस्थापन नियमांनी २०१६ मध्ये घातले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर बंदी करून ५ हजार रुपये दंड ठरवला. पानांचा ढीग पेटवणे हेही त्यात येते. पुणे महापालिका गांडूळखत, सौर ऊर्जा आणि पर्जन्यसंचय यांसाठी मालमत्ता करात सवलत देते. तिथे प्रकल्प प्रत्यक्ष चालू असावा लागतो.

कामाला हात घालायचा महिना जानेवारी. तेव्हा मुरूम ठोकून फरशी बसवावी आणि सर्वांत आधी पानांचा पिंजरा उभा करावा, म्हणजे फेब्रुवारीपासून पडणारे पान वाया जात नाही. हौद मार्चपर्यंत झाले तरी चालतात. तट्टा एप्रिल-मेमध्ये, आणि वेल व झाडांची रांग मृगाच्या पहिल्या दोन पावसांनंतर. पहिल्या हौदातले खत त्यानंतर गणपतीच्या सुमाराला हाती येते.